दोन जीबीची सहा कार्डं

अमरावतीच्या राजापेठेत, खाली झेरॉक्सवाला आणि वर ट्यूशन क्लास, अशा मधल्या मजल्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं होत आली. सुटे भाग जोडून मशीन बनवून द्यायचं आणि बिघडलं तर दुरुस्त करायचं, एवढाच धंदा. या धंद्यात मी एकदा एका माणसाला जाणूनबुजून फसवलं. तो माझा मित्र होता. माझ्या घरात हे कुणाला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो कुणाजवळ बोलणार नाही. म्हणून मीच लिहितो आहे.

ज्यांना या गोष्टींचा गंध नाही त्यांना आधी थोडं सांगावं लागेल. कॉम्प्युटरवर मोठे गेम खेळायचे असतील तर आत एक वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवतात. पडद्यावरचं चित्र तयार करायचं काम ते करतं. त्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. रस्ते, भिंती, गवत, माणसांचे कपडे, जे जे दाखवायचं ते सगळं तिथे आणून ठेवलेलं असतं. ती मेमरी किती मोठी हे जीबीत मोजतात. पण ती किती मोठी आहे यापेक्षा तिच्यातून माल किती वेगानं बाहेर येतो हे पुष्कळदा जास्त महत्त्वाचं असतं. पहिली गोष्ट डब्याच्या पुढच्या अंगाला ठळक आकड्यात छापलेली असते. दुसरी मागच्या अंगाला, मुंगीएवढ्या अक्षरात.

त्या दिवसांत माझ्याकडे, चित्र काढणारी चिप एकच, अशी दोन तऱ्हेची कार्डं होती. एकावर एक जीबी मेमरी, पण नवी आणि वेगवान. दुसऱ्यावर दोन जीबी, पण जुन्या जातीची, हळू. किंमत जवळपास सारखीच. मी दोन्ही कार्डं एकाच मशीनमध्ये आळीपाळीनं लावून पाहिली होती. मोटारींच्या शर्यतीचा एक गेम होता. एक जीबीच्या कार्डावर गाडी सरळ पळायची. दोन जीबीवर वळण आलं की चित्र अडकायचं, गाडी थांबल्यासारखी व्हायची आणि मग एकदम पुढे उडी मारायची. चिप दुबळी असताना दोन जीबी भरायची वेळच येत नव्हती. जे भरलेलं होतं तेच बाहेर येईना. म्हणजे मला माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

तरी दुकानात मी दोन जीबीचीच कार्डं जास्त भरली होती, कारण गिऱ्हाईक आकडा विचारायचं. आमच्याकडे वस्तू एकदाच घ्यायची असते. मुलाला शाळेचा ड्रेस शिवला तरी वाढत्या अंगाचा शिवतात, बाह्या दोनदा दुमडून पोरगं पहिलं वर्ष काढतं. भातकुलीकडचे लोक कापूस विकून मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायला यायचे, तेही हेच म्हणायचे. पुन्हा चार वर्षं येणं होत नाही, काय द्यायचं ते मोठंच द्या. मी कुणाला समजावून सांगत बसत नव्हतो. दोन हा आकडा एकापेक्षा मोठा आहे, हे समजावं लागत नाही.

आमच्या गावांतल्या दुकानांचा हंगाम शेतावर चालतो. दिवाळीनंतर माल विकला गेला की दोन-अडीच महिने गर्दी, मग सुनसान. मी दसऱ्याच्या आधी नागपूरहून दोन जीबीची पंचवीस कार्डं आणून ठेवली होती. त्या वर्षी सोयाबीन काढणीच्या वेळी भिजलं आणि कापूस एका वेचणीतच संपला. दुकानात लोक आले ते जुनं मशीन अजून एक वर्ष ओढता येईल का विचारायला. पेपरात आतल्या पानावर रोज एखादी लहानशी बातमी असायची, कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्याची. ओळखीचं गाव नाही ना, एवढं पाहून आम्ही पान उलटायचो. मीही उलटायचो. कार्डांचे डबे काउंटरमागच्या फळीवर तसेच होते. सोमवारी मी ते फडक्यानं पुसायचो.

फेब्रुवारीत माझा मित्र अकोल्याहून आला.

आम्ही अमरावतीच्या पॉलिटेक्निकला एका खोलीत राहिलो होतो. आयुष्यातलं पहिलं मशीन आम्ही दोघांनी मिळून जोडलं, एका सिनिअरचं फेकून दिलेलं कॅबिनेट आणून. त्यावर एक लढाईचा गेम चालायचा. कीबोर्ड एकच, म्हणून डावीकडची बटणं त्याची आणि बाणाची माझी. मेसची वेळ टळून जायची. तो हरला की म्हणायचा, तुह्याकडची बटणं नवीन आहेत. त्याचे वडील अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर होते. ती जिनिंग आमच्या शिकण्याच्या काळातच बंद पडली. पुढे त्यानं जुन्या शहरात, टिनाच्या छताच्या एका लांबट खोलीत सायबर कॅफे काढला. काही वर्षं बरा चालला. मग इंटरनेट लोकांच्या खिशात गेलं आणि कॅफेत पोस्टमनही थांबेना, असं तोच सांगायचा.

आता कॅफेतल्याच सहा मशीनमध्ये ग्राफिक्स कार्डं बसवून त्याला गेम पार्लर काढायचं होतं. एप्रिल ते जून, शाळेच्या सुट्या, हा त्याचा हंगाम. त्याचं गणित साधं होतं. ही सुटी चालली तर तो अकोल्यात राहणार. नाही चालली तर पुण्याला जाणार, त्याच्या मेव्हण्यानं तिथल्या एका गोदामात त्याच्यासाठी जागा सांगून ठेवली होती. वडील अकोला सोडायला तयार नव्हते. आई नव्हती. पुण्याला जायचं म्हणजे वडिलांना एकटं टाकून जायचं. हे सगळं त्यानं माझ्या दुकानात, स्टुलावर बसून, चहा बशीत ओतून पीत सांगितलं.

मग म्हणाला, "तू सांग. एकवालं घेऊ का दोनवालं?"

मी फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. "दोन घे," मी म्हणालो. "पोट्टे उद्या नवीन गेम मांगतीन, तवा एकवालं कमी पडन. वाढत्या अंगाचं घेतलेलं बरं."

"माह्या शादीच्या शेरवानीसारखं," तो हसला. "अब्बानं वाढत्या अंगाची शिवली. अजून भरली नाई."

आम्ही दोघं हसलो. मी सहा डबे पिशवीत घातले. ओळखीच्या दुकानात माल उघडून पाहायचा नसतो, असा आमच्याकडे रिवाज आहे. उघडला तर तो दुकानदाराचा अपमान समजतात. त्यानं एकाही डब्याला हात लावून उलटवलं नाही. पिशवी घेऊन तो बडनेरा स्टेशनच्या ऑटोत बसला.

मी त्या वेळी काय विचार केला होता, हे मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे. त्याचं वाईट व्हावं असं मुळीच मनात नव्हतं. चालून जाईल, असं वाटलं. गेम जुने असतील, पोरांना काय कळतं, असं वाटलं. आणि सहा डबे फळीवरून गेले याचा आनंद झाला. आनंदच झाला, दुसरा शब्द नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. पोरं येतात, अर्ध्या तासात उठून जातात. चित्र अडकतं म्हणतात. त्यानं केबल बदलून पाहिल्या होत्या, स्टॅबिलायझर घेतला होता, गेम पुन्हा टाकून पाहिले होते. त्याला वाटत होतं की जोडण्यात त्याचंच काही चुकलं.

तेव्हाच सांगायचं होतं. फोनवर दोन वाक्यांत झालं असतं, आणि सुटीचे दोन महिने त्याच्या हातात होते. मी म्हणालो, "अकोल्याची गर्मी आहे न भाऊ. कार्ड तापलं का ते आपोआप हळू होते."

हे खोटंही नव्हतं. कार्ड फार तापलं की खरंच मंद होतं. आणि अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते कुणाला सांगायला नको. म्हणूनच ते खोटं इतकं चांगलं बसलं. तो म्हणाला, हो का, मग त्याचा बंदोबस्त करतो. त्याच्या आवाजात सुटल्याचा भाव मला ऐकू आला. चूक त्याची नाही, उन्हाची आहे, हे मी त्याला दिलं होतं.

त्यानं बंदोबस्त केला. खोलीत मोठा कूलर बसवला. खिडकीला वाळ्याची ताटी लावली. मशीनांची एका बाजूची झाकणं काढून ठेवली. दुपारची वेळ बंद करून सकाळी सहाला उघडायला लागला. टिनाच्या छतावर गोणपाटं अंथरली आणि त्यांवर दिवसातून चार वेळा पाणी मारायचं ठरवलं. जुन्या शहरात तेव्हा नळ आठवड्यातून एकदा यायचा. हे सगळं तो मला फोन करून सांगायचा आणि विचारायचा, अजून काय करू? मी काही ना काही सांगायचो. पंखा उलटा लाव म्हणालो. मशीनांत एक हात अंतर ठेव म्हणालो. प्रत्येक वेळी तो ते करायचा.

मे महिन्यात मला अकोल्याला जावं लागलं, दुसऱ्याच कामानं. मित्राकडे न जाताच परत फिरायचं ठरवलं होतं, पण स्टँडवरच त्याचा एक शेजारी भेटला आणि मला पार्लरवर घेऊन गेला. संध्याकाळचे पाच वाजले होते. खोलीत ओल्या वाळ्याचा वास. सहा मशीनांपैकी एकावर एक मुलगा बसलेला, बाकीच्या पाच खुर्च्या रिकाम्या. मित्र एका कामासाठी बाहेर गेला होता. त्याचे वडील दाराजवळ बसले होते. सत्तरीच्या पुढचे, मशीनवर काम केलेल्या माणसाचे असतात तसे जाड बोटांचे हात, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि खेळणाऱ्या मुलाकरवी पाणी मागवलं.

मग म्हणाले, "बेटा, सकाळी सहाले कोनती गर्मी असते?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मी येऊन बसतो सकाळी. मशीन रातभर थंडी पडेल असते. पोट्टा सुरू करते आन पहिल्या मिनटापासून अटकते. तापून अटकते ते मशीन पह्यले चालते, मंग अटकते." ते शांतपणे बोलत होते, भांडणाचा सूर अजिबात नव्हता. "आमच्या जिनिंगात एक गोदाम होतं. दोन हजार गाठी मावत. मालक सगळ्याईले दाखवे. पन दरवाजा असा, का एक गाठ निघे तवा दुसरी थांबे. बाहीर ट्रक उभे. पाहनारा गोदाम पाहे, दरवाजा कोनी पाहत नसे. या डब्याचा दरवाजा केवढा आहे?"

त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. मी पंधरा वर्षं ज्याचा धंदा करत होतो ते त्यांनी दाराजवळ बसून ओळखलं होतं.

"तसं नसते चाचा त्याच्यात," मी म्हणालो. "मी कंपनीले विचारतो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, कोपऱ्यातली बादली उचलली आणि बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर गेले. छतावर पाणी पडल्याचा आवाज मी खाली बसून ऐकला. गर्मीचा संबंध नाही हे त्यांना कळलेलं होतं. मुलानं सांगितलं म्हणून ते पाणी मारत होते, आणि मुलाला मी सांगितलं होतं. मी मित्राची वाट न पाहता निघालो. त्याला निरोप ठेवला की बस होती.

घरी येऊन मी ठरवलं की कार्डं बदलून द्यायची, पण कंपनीनं परत मागवली असं सांगून. म्हणजे त्याचं काम होईल आणि माझं नाव राहील. एक जीबीची सहा कार्डं माझ्याकडे नव्हती, दोनच होती. बाकीची मागवायला मी तीन आठवडे लावले. का लावले, याला कारण नाही. रोज उद्या फोन करू म्हणायचो.

जूनमध्ये गावी गेलो. आमचं शेत भातकुली तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. ते माझा मोठा भाऊ करतो. त्यानं सोयाबीन पेरून दहा दिवस झाले होते आणि पेरणीच्या ओळींत काहीच उगवलं नव्हतं. पाऊस चांगला होता, ओल चांगली होती. बियाणं मेलेलं होतं. दुबार पेरणी करावी लागणार होती. कृषी केंद्रवाल्यानं त्याला घरचं बियाणं पेरू नको म्हणून हे भारी पाकीट दिलं होतं, आणि आता जमिनीत कीड असेल, पेरा खोल गेला असेल, असं सांगत होता.

भाऊ धुऱ्यावर बसून होता. त्यानं माती उकरून दाणा काढला, बोटांनी दाबला. आतून भुगा निघाला. मी त्या दुकानदाराला दोन-चार शिव्या दिल्या. भाऊ म्हणाला, "शिव्या कायले देतं? बियाणं खराब निघू शकते. त्याले ठाऊक नसतं तर मी काई म्हटलं नसतं. पन त्याले ठाऊक होतं न. त्यानं सोताच्या वावरात नाई पेरलं ते."

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. जेवायला गेलो तेव्हा भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. वहिनींनी विचारलं तर ऊन लागलं असं सांगितलं. तिथेही ऊनच सांगितलं.

दोन दिवसांनी मी सहा कार्डं घेऊन अकोल्याला गेलो. कंपनीनं परत मागवली, हे वाक्य मी वाटेत मूर्तिजापूरपर्यंत पाठ करत होतो. पुढे सोडून दिलं.

सकाळचे अकरा वाजले होते. शाळा सुरू झालेल्या, खोलीत एकही पोरगं नाही. मित्र दाढीच्या ब्रशनं कीबोर्ड साफ करत होता. मला पाहून त्यानं नेहमीसारखी खुर्ची ओढली. मी उभ्यानंच सांगितलं. दोन जीबीची मेमरी हळू असते, एक जीबीची चांगली असते, फेब्रुवारीतही मला हे माहीत होतं, माझ्याकडे तो माल पडून होता म्हणून दिला. आणि गर्मीचं जे जे सांगितलं ते सगळं खोटं होतं.

त्यानं ब्रश खाली ठेवला नाही. एका बटणाच्या कडेनं फिरवत राहिला.

"डब्बे पिशवीत भरून राह्यला होता, तवा ठाऊक होतं?"

"हो."

"मी इथून फोन करून राह्यलो होतो, तवा?"

"हो."

कूलर बंद होता. मग तो म्हणाला, "अब्बानं मले सांगतलं होतं. का गर्मी नाई, मालच असा आहे. मी म्हटलं, तुमाले काय समजते कॉम्प्युटरातलं. माह्या दोस्तावर शक नका करू म्हटलं. आवाज चढवला. तीन दिवस त्याईच्याशी बोललो नाई मी."

धंदा, सुटी, पुणे, या सगळ्याचा विचार मी करून गेलो होतो. त्याच्या घरात माझ्या खोट्यासाठी मुलगा बापावर ओरडला असेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं.

वडील वर होते. पहिला पाऊस होऊन गेल्यावर छतावरची गोणपाटं काढत होते. मी जिना चढून गेलो आणि त्यांनाही सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, मला काय सांगतोस, ज्याला माहीत नव्हतं त्याला सांगितलंस ना? मी हो म्हणालो. मग त्यांनी एका भिजलेल्या गोणपाटाचं टोक माझ्या हातात दिलं. ते जड झालं होतं. आम्ही दोघांनी मिळून पिळलं, घडी घातली, कठड्यावर ठेवलं. अशी बारा-चौदा होती.

खाली आलो तेव्हा मित्रानं माझी पिशवी उघडली होती. सहाही डबे टेबलावर ओळीनं मांडले होते, मागची बाजू वर करून, आणि तो बारीक अक्षरं वाचत होता. एकेक कार्ड काढून त्यानं एकेका मशीनमध्ये लावलं, आणि प्रत्येकावर शर्यतीचा गेम दहा-दहा मिनिटं स्वतः चालवला. मला मदतीला बोलावलं नाही. मध्ये चहा आला, तो मला दिला. तीन तास मी खुर्चीवर बसून पाहत होतो. गाड्या सरळ पळत होत्या. वळणावर कुठेच अडकत नव्हत्या. दोन मशीनच्या पडद्यांवर तोच रस्ता, तेच ढग, सगळं नितळ. हेच चित्र एप्रिलमध्ये या खोलीत असायला हवं होतं.

"आता चालते," तो म्हणाला. एवढंच. जुनी सहा कार्डं त्यानं त्यांच्या डब्यांत नीट भरून मला परत दिली, तारा गुंडाळून.

सुटी गेली ती गेली. पोरं दुसरीकडे वळली होती आणि वळलेली पोरं पार्लरला परत येत नाहीत. त्यानं तीन मशीन गेमसाठी ठेवली आणि तीन मशीनवर भरतीचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. तलाठी, पोलीस, वनरक्षक. शेतावर भागत नाही म्हणून त्या वर्षांत घरोघरची पोरं अर्ज भरत होती. खोलीबाहेर चपला साचायला लागल्या. तो पुण्याला गेला नाही. यात माझा काही वाटा आहे असं समजायची सोय नाही. ते त्याचं त्यानं केलं.

परत आणलेल्या सहा डब्यांवर मी मागची बारीक अक्षरं लाल पेनानं गोल करून ठेवली आणि फक्त सिनेमे बघायला, ऑफिसच्या कामाला म्हणून विकली. मूळच्या पंचवीसातली बाकीची कार्डं मात्र त्याआधीच वेगवेगळ्या लोकांना गेली होती. त्यातला एक माणूस तिवस्याचा होता एवढं आठवतं. तो पुन्हा आला नाही. त्याचं मशीन अडकत असेल तर त्यानंही उन्हालाच दोष दिला असेल.

तीन वर्षांनी मित्राचे वडील गेले. मी मातीला गेलो. तो सगळ्यांना मिठी मारत होता, मलाही मारली, सगळ्यांना मारली तितकीच. ईदला माझा फोन जातो, दिवाळीला त्याचा येतो. आम्ही मुलांचं, पावसाचं विचारतो. कॉम्प्युटरचं काही बोलत नाही. पुढे त्याला दोन-तीनदा सामान लागलं तेव्हा तो मला काय घेऊ असं विचारायचा नाही. नेमकं काय हवं ते नंबरासकट सांगायचा. सगळं वाचून, शिकून घेतलं होतं त्यानं. कुणाला विचारायची वेळ येऊ नये इतकं.

असाच काही वर्षांनी त्याचा फोन आला की मुलीसाठी कार्ड हवं आहे. ती तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि गेम खेळण्यात बापाच्या पुढे गेली होती. त्यानं कार्ड ठरवलं होतं. चिप चांगली निवडली होती, मेमरीचा वेग नीट पाहिला होता. फक्त तेच कार्ड चार आणि आठ जीबी अशा दोन तऱ्हांत मिळत होतं, आणि त्यानं चारवालं सांगितलं.

मी फोन धरून बसलो. या वेळी चिप दमदार होती आणि नवे गेम चार जीबी सहज भरून टाकत होते. या वेळी जास्तच घ्यायला हवं होतं. म्हणजे मला त्याला तेच सांगायचं होतं, जे सांगून मी त्याला फसवलं होतं. गप्प बसलो असतो तर त्यानं चारवालं नेलं असतं, एका वर्षात ते कमी पडलं असतं, आणि दोष माझा नसता. मला हे सुचलं, आणि ते पटण्यासारखंही वाटलं, हे लिहून ठेवतो.

"आठ घे," मी म्हणालो.

तो काही म्हणायच्या आत मी पुढे बोललो.

"मले माहीत आहे माह्या तोंडून हे कसं लागत असन. तू ये इकडे. दोन्ही लावून ठेवतो. सोता चालवून पाह्य."

तो रविवारी आला. एकटाच. मी दोन सारखी मशीन शेजारी शेजारी ठेवली होती, एकात चार, एकात आठ, आणि मी काउंटरच्या पलीकडे गेलो. शहरातून फिरण्याचा एक गेम त्यानं दोन्हींवर चालवला. चारवाल्यावर गल्ली ओलांडून बाजारात शिरलं की क्षणभर भिंती धुरकट राहायच्या, मग चित्र हबकायचं. आठवर तसं होत नव्हतं. त्यानं लगेच मान्य केलं नाही. चारवाल्यावर भिंती-कपड्यांचा बारकावा एक पायरी खाली आणला, पुन्हा चालवलं. तेव्हा तेही ठीक चाललं. पुन्हा वर नेला, पुन्हा हबकलं. खिशातून कागद काढून काहीतरी लिहिलं. मधे मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मिटलं. दीड-दोन तास गेले. खाली रविवारच्या बाजाराचे हॉर्न चालू होते.

शेवटी उठला. म्हणाला, विचार करतो, पोरीलाही विचारतो. मी आठवालं त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलं आणि फळीच्या आतल्या खणात ठेवून दिलं.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"आठवालंच घेतलं," तो म्हणाला. "तू म्हटलं तेच बराबर होतं."

"घेतलं? कुठून?"

"इथूनच. अकोल्यातून."

मी म्हणालो, "चांगलं केलं." मला ते खरंच चांगलं वाटलं. पोरीला आवडलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, आवडलं, दोन दिवस झाले जेवायलाही हाक मारावी लागते. मग त्यानं भावाच्या शेताचं विचारलं, पाऊस कसा आहे विचारलं, आणि फोन ठेवला.

मी आतल्या खणातून ते आठ जीबीचं कार्ड काढलं आणि परत बाहेरच्या काचेत, इतर कार्डांच्या ओळीत लावलं. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक आलं आणि तेच दाखवा म्हणालं. मी विचारलं, आधी सांगा, घरी मशीन कोणतं आहे आणि काय खेळता?